परकीय युद्ध आणि लोकसहानुभूती : डॉ. कोटणीस पथकाच्या संदर्भात

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या आवाहनानंतर लोकवर्गणी जमा झाली व १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. सहानुभूती, तिला संघटित करणारी संस्था आणि प्रत्यक्ष सेवा हे तीन घटक येथे एकत्र आले. अन्यथा ही प्रतिक्रिया निषेधसभांपुरतीच मर्यादित राहिली असती. काही सहकारी मायदेशी परतल्यावरही डॉ. कोटणीस रुग्णसेवेत राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी चीनमध्येच त्यांचे निधन झाले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या जनतेने हे साहाय्य पाठविले, हे विशेष होय.