मोज्याच्या आधी साबण-पाणी

आषाढात रोवणी सुरू झाली की गडचिरोली-चंद्रपूरकडची बाई दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून उभी असते. संध्याकाळी पाय भरून येतात, घोट्याशी सूज दिसते. रात्रभर पाय वर करून झोपले की ती बहुधा ओसरते. काळजी असते ती न ओसरणाऱ्या सुजेची.

अशा सुजेवर शहरातले डॉक्टर अलीकडे घट्ट, लवचिक मोजे सुचवतात. घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत जाणारा दाब, एवढेच त्यांचे तंत्र. अमेरिकेतल्या कॉनराड जोब्स्ट या अभियंत्याला पायांच्या शिरांचा विकार होता. तलावाच्या पाण्यात उभे राहिले की दुखणे कमी होते, हे त्याच्या लक्षात आले. पाणी जितके खोल तितका दाब अधिक. तोच दाब त्याने १९५०च्या सुमारास मोज्यात आणला. फुगलेल्या शिरा, तासन्‌तास उभ्याने करायची कामे, घोट्याजवळची चिघळती जखम यांवर हा मोजा खरोखर उपयोगी पडतो. मात्र तो सकाळी, सूज चढण्याआधी घालावा लागतो.

पण आपल्या या पट्ट्यात सुजलेला पाय म्हटला की हत्तीरोगाची शंका आधी घ्यावी लागते. गावातल्या तुंबलेल्या नालीत वाढणारा क्युलेक्स डास हा रोग पसरवतो. जंतूंची पिल्ले रक्तात रात्री उतरतात, म्हणून रक्ताचा नमुना रात्रीच घेतात. सरकारी मोहिमेतल्या गोळ्या या पिल्लांना मारतात, पुढचा प्रसार थांबवतात. फुगून जाड झालेला पाय मात्र गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. पुष्कळ घरे निराश होतात ती इथेच, आणि मग मांत्रिकाची किंवा महागड्या मोज्याची वाट धरतात.

खरे पाहता अशा पायाचा पहिला शत्रू बोटांच्या बेचक्यात असतो. चिखलाने तिथली कातडी भेगाळते, त्यातून जंतू शिरतात, थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो. अशा प्रत्येक तापानंतर पाय थोडा आणखी जाड होतो. म्हणून हत्तीरोगाच्या रुग्णांना सरकारकडून मिळणाऱ्या संचात टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असते. रोज साध्या पाण्याने पाय धुवायचा, कातडीच्या घड्या आणि बेचके हलक्या हाताने टिपून कोरडे करायचे, भेगेला मलम लावायचे. बसताना पाय उंचावर ठेवायचा, घोटा वरखाली हलवायचा. ताप आल्यास पाय चोळू नये, दवाखाना गाठावा. हे जमले की तापाचे झटके कमी होतात. घरच्या माणसाने मग धरून दिला, तर वाकता न येणाऱ्या म्हाताऱ्यालाही ते जमते.

दाबपट्टी किंवा मोजा त्यानंतरचा, आणि तोही पाय मोजून. ओल्या, चिघळलेल्या कातडीवर तो चढवला तर उलट त्रास. बांधीत तर तो नकोच. आणि पारा ४५च्या वर गेलेल्या चंद्रपूरच्या वैशाखात दिवसभर तो कोण घालणार? मधुमेह असलेल्यांनी, विडी ओढणाऱ्यांनी, चालताना पोटरीत कळ येणाऱ्यांनी आधी पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्यावी. धमनी अरुंद असेल तर हाच दाब पाय घालवू शकतो. सूज अचानक एकाच पायाला आली, पोटरी दुखू लागली, तर दुकानात मोजा शोधत बसू नये. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.