अर्धा इंच म्हणजे नक्की किती?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सगळं जग फराळ करत होतं, तेव्हा मी नवापूरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात स्टुलावर बसून एल्बो आणि टी मोजत होते. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हणून घरच्यांनी मला परस्पर 'साइट इंजिनियर' करून टाकलं होतं. त्या पदावर मी काय पराक्रम केला आणि त्यातून काय शिकले, ते तुमच्यापुढे ठेवते. उद्या तुमच्याही घरी काम निघणारच आहे.

निमित्त होतं आजोबांचं. पावसाळ्यात ते आमच्या जुन्या मोरीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण भीती बसली. आंघोळीला जायचं म्हटलं की ते टाळाटाळ करू लागले. तेव्हा ठरलं की मोरी काढायची आणि बसून आंघोळ करता येईल, भिंतीला धरायला दांडा असेल, गरम-गार पाणी एका नळात येईल अशी बाथरूम करायची. अमेरिकेतल्या आत्याने फोनवर सांगितलं, "शॉवर मी पाठवते. माझ्या वडिलांसाठी तेवढं तरी मला करू दे."

पहिल्याच दिवशी कळलं की मला भाषाच येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'ब्रास' म्हणजे पितळ, एवढंच ठाऊक. पप्पा फोनवर "एक ब्रास वाळू पाठवा" म्हणाले तेव्हा मी खरंच चक्रावले. तर ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. तसंच 'सूत'. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 'चार सुती' म्हणजे अर्धा इंच, 'सहा सुती' म्हणजे पाऊण इंच. सळई 'तीन सुती' मागितली की १० मि.मी.ची मिळते, 'चार सुती' मागितली की १२ ची. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी हे कधी शिकवलं नाही!

वाळूची परीक्षा मात्र लॅबमध्ये पाहिलेली कामी आली. आमच्याकडे तापीच्या वाळूला मान आहे, पण ट्रॉलीत तापी आली की ओढ्याची माती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. काचेच्या उभट मोजपात्रात वाळू घ्या, मिठाचं पाणी घाला, जोरात हलवा आणि तीन तास ठेवून द्या. खाली वाळू बसते, तिच्यावर गाळाचा थर बसतो. गाळ वाळूच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती वाळू परत पाठवायची. आमची ६ टक्क्यांवर आली. माझी कॉलर ताठ झाली. पुढे ती उतरली, ते सांगतेच.

आता सामान येतं कुठून, ते बघा. नवापूर म्हणजे अगदी सीमेवरचं गाव. आमच्या रेल्वे स्टेशनचा प्लॅटफॉर्म अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. त्यामुळे आम्हाला सुरत, व्यारा, सोनगड ही खरेदीची गावं परकी वाटत नाहीत. टाइल्स मोरबीच्या, नळातलं पितळ जामनगरचं, सळई जालन्याची, कट्ट्याचा दगड कोटाचा. एका सहा बाय आठच्या बाथरूममध्ये निम्मा भारत येऊन बसतो. पूर्वी राज्याबाहेरून माल आणायचा म्हणजे वेगळा कर आणि नाक्यावर थांबणं असायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. आता कराचा दर दोन्हीकडे सारखाच. उदाहरणार्थ सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, तो इकडेही आणि तिकडेही. म्हणून "पलीकडे टॅक्स कमी" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, फक्त भाडं धरून हिशोब करा. मात्र राज्य ओलांडून येणारा माल ५० हजार रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. ते दुकानदाराकडून आधीच करून घ्या आणि पक्कं बिल मागा.

परराज्याचा माल असा सुखरूप आला. घोटाळा झाला तो परदेशाच्या मालात.

आत्याच्या ओळखीतलं कोणीतरी भारतात येत होतं, त्यांच्याबरोबर खोका आला. आत चकचकीत शॉवरचा सेट होता. भिंतीत बसवायचा गरम-गारचा व्हॉल्व्ह, शॉवरची नळी, वरचा शॉवर आणि शिवाय लवचिक नळीचा एक हातशॉवर. खोक्यावर लिहिलेलं होतं, अर्धा इंच. आमचे फिटिंगही अर्ध्या इंचाचे. प्लंबरकाकांनी व्हॉल्व्हला आपला पितळी एल्बो लावून पाहिला. दोन-तीन आटे छान फिरले, मग अडकले. ते म्हणाले, "बेटा, हे आपलं नाही. हे बसणार नाही." मी म्हणाले, "काका, अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच. टेप जास्त लावा आणि पान्याने आवळा." ते माझ्याकडे बघत राहिले. पण मी इंजिनियर पडले! त्यांनी आवळलं.

दुसरी चूक त्याच्या पाठोपाठ केली. काका म्हणत होते की लाइनला हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवू. टाइल्सवाला मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, तो गेला असता तर दिवाळीनंतरच मिळाला असता. मी म्हटलं, राहू द्या. टाइल्स लागल्या. आठव्या दिवशी पलीकडच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पोळीएवढा ओला डाग उमटला. बाराव्या दिवशी तो परातीएवढा झाला.

आता यातलं शास्त्र बघू.

पाइपाचा 'अर्धा इंच' हे माप नाही, ते नाव आहे. जुन्या जाड लोखंडी पाइपाचं आतलं भोक साधारण अर्धा इंच असायचं. आटे बाहेरून पाडायचे असल्यामुळे बाहेरचा व्यास ठरून गेला. पुढे पत्रा पातळ करता येऊ लागला, आतलं भोक मोठं झालं, पण नाव तेच राहिलं. म्हणून आजच्या अर्धा इंची जीआय पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे २१.३ मि.मी. असतो. घरातल्या गरम पाण्याच्या अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपाचा असतो १५.९ मि.मी., कारण त्याची मापं तांब्याच्या नळीवरून घेतली आहेत. शेतीच्या पीव्हीसी पाइपाला तर थेट बाहेरच्या व्यासानेच ओळखतात, २० मि.मी., २५ मि.मी. असं. खरा अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. कॅलिपर घेऊन बाहेरून मोजा, यातल्या एकातही तो सापडणार नाही! म्हणूनच या तिघांचे सॉकेट एकमेकांना चालत नाहीत आणि जोडायला मधे वेगळा अडॅप्टर लागतो.

आट्यांची गोष्ट याहून फसवी आहे. ब्रिटनमध्ये व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्याचा कोन ५५ अंश सुचवला. अमेरिकेत सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा मांडला. पाइपांच्या बाबतीतही दोन देश असेच वेगळे राहिले. आपण ब्रिटिश वळणावर आहोत, आपला आयएस ५५४ त्याच घराण्यातला. अमेरिकेचा तो एनपीटी. आता गंमत बघा. अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचात १४ आटे आहेत. आपला बाहेरचा व्यास २०.९६ मि.मी. आणि त्यांचा २१.३४ मि.मी., म्हणजे फरक अर्धा मिलिमीटरही नाही. त्यामुळे ते सुरुवातीला फिरतात आणि आपल्याला वाटतं की बसलं. पण कोन वेगळा असल्यामुळे आट्याची बाजू बाजूला टेकत नाही, मधून गोल गोल जाणारी एक बारीक वाट उरते. टेप ती वाट काही दिवस बुजवतो, मग पाणी आपला रस्ता शोधतं. एक इंचाला असं फसायला होत नाही, कारण तिथे आपले ११ आटे आणि त्यांचे साडेअकरा. ते लगेच भांडतात. अर्धा आणि पाऊण इंचातच हा दगा आहे. काकांच्या हाताला जे दोन आट्यांत कळलं, ते मला पुस्तकातला तक्ता उघडल्यावर कळलं.

आणि गळती झाली नसती तरी तो शॉवर आमच्याकडे नीट चाललाच नसता! अमेरिकेत घरात येणाऱ्या पाण्याला साधारण ४० ते ६० पीएसआय दाब असतो. पाणी वाचावं म्हणून तिथे कायद्याने १९९४ पासून शॉवरवर मर्यादा आहे. ८० पीएसआयला मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर. त्यासाठी शॉवरच्या गळ्यात बारीक भोकाची चकती घालतात. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली येतं. आमच्या टाकीतलं पाणी शॉवरच्या तोंडापासून जेमतेम २ मीटर वर. दुसऱ्या वर्षाचं फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. घनता गुणिले जी गुणिले उंची, १००० × ९.८१ × २ = १९,६२० पास्कल, म्हणजे २.८ पीएसआय. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरला तर मिनिटाला जास्तीत जास्त १.८ लिटर. १८ लिटरची बादली भरायला दहा मिनिटं! हॉस्टेलच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे गणित रोज सकाळी अंगावर अनुभवायला मिळतं. टाकी डोक्यावरच असते, पण डोक्यावर असते हाच प्रॉब्लेम.

शेवटी भिंत फोडली. चार टाइल्स गेल्या. त्या बॅचच्या टाइल्स संपल्या होत्या, नवीन चार किंचित पिवळसर आल्या. दोन दिवसांची मजुरी आणि पप्पांचं न बोलणं वेगळं.

प्रश्न आत्याचा होता. मी तिला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे माझं काहीच लागणार नाही का गं?" उपाय काकांनीच काढला. भिंतीच्या आतलं सगळं आपल्या आट्याचं घेतलं. त्याला बाहेर आत्याचा हातशॉवर लावला. हातशॉवरच्या नळीचा जोड निराळ्या तत्त्वावर चालतो. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, आतला रबरी वॉशर अडवतो. आटे फक्त वॉशर दाबून धरतात. त्यामुळे तो आमच्याकडे व्यवस्थित बसला, आणि उद्या ठिबकला तरी डोळ्यांसमोर ठिबकेल. गळ्यातली चकती काढली. टाकी चार फुटी लोखंडी स्टँडवर चढवली. बसून आंघोळ करायची असल्याने शॉवरचं तोंडही मीटरभर खाली आलं. २ मीटरचे सव्वाचार मीटर झाले, दाब दुप्पट.

आता जाता जाता, खर्च करून मिळवलेल्या सूचना फुकट देते.

१) दुकानात नुसतं "अर्धा इंच" मागू नका. कशाचा, कोणत्या स्टँडर्डचा, हे सांगा. सीपीव्हीसी असेल तर पाइप, फिटिंग आणि सोल्युशन एकाच जातीचं घ्या. यूपीव्हीसी गरम पाण्याच्या लाइनला लावू नका.

२) आयएसआय मार्क आणि खालचा आयएस नंबर वाचा. जीआय पाइपाला १२३९, सीपीव्हीसीला १५७७८, शेतीच्या पीव्हीसीला ४९८५.

३) परदेशातून कोणी काही पाठवणार असेल तर आधी आट्यांचा प्रकार आणि लागणारा दाब विचारा. भिंतीच्या आत परदेशी काहीही नको.

४) दाब देऊन तपासल्याशिवाय टाइल लावू देऊ नका, मिस्त्री रुसला तरी चालेल.

५) टाइल्स एकाच बॅचच्या आणि दहा टक्के जास्त घ्या.

६) प्लंबर "बसणार नाही" म्हणाला तर आधी का ते विचारा, मग आपली डिग्री काढा.

आजोबा आता रोज आंघोळ करतात, दार आतून न लावता. आत्याला फोनवर सांगतात, "तुझा शॉवर झकास आहे." त्या चार पिवळ्या टाइल्स बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येतात. परवा मला म्हणाले, "तुझ्या इंजिनियरिंगची फी यांनाही भरली म्हणायची." मी नुसती हसले. काय बोलणार?

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी