पुस्तकांच्या गावात भाजी कुठे मिळते?

वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवर, वाय नदीच्या काठी वसलेले हे-ऑन-वाय जगभरच्या ग्रंथप्रेमींना ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून परिचित आहे. (गावाचे मूळ नाव नुसते ‘हे’ असल्याने मराठी वाक्यात त्याची पंचाईत होते, तेव्हा पूर्ण नाव घेतलेलेच बरे.) लोकसंख्या दोन हजारांच्या आत आणि पुस्तकांची दुकाने, त्यातही बहुतेक जुन्या पुस्तकांची, वीसच्या आसपास. एकेकाळी ती याहूनही अधिक होती. मुंबईत फोर्टच्या पदपथांवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात रमणाऱ्या वाचकाला हे वर्णन स्वर्गासारखे वाटेल. मात्र ज्या गावात पुस्तके एवढी विपुल मिळतात, तेथे राहणाऱ्याला बटाटे, खिळे आणि खोकल्याचे औषध कुठे मिळते, हा प्रश्न पर्यटकाच्या मनात सहसा येत नाही. गावात राहणाऱ्याला तो रोजच पडतो.

हे-ऑन-वाय मुळात बाजाराचे गाव. आसपासच्या डोंगरउतारांवर मेंढपाळी चालते आणि तेथील शेतकरी आठवड्याच्या खरेदीसाठी येथे येत. एकोणिसाव्या शतकात लोणी आणि चीज यांच्या विक्रीसाठी उभारलेल्या दोन इमारती आजही गावाच्या मध्यभागी आहेत, आणि दर गुरुवारी भरणारा आठवडी बाजारही टिकून आहे. पण विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमधील अनेक लहान बाजारगावांची जी गत झाली, तीच याही गावाची झाली. मोटारी आल्या, शेतकरी दूरच्या मोठ्या शहरांकडे वळला. १९६२ च्या अखेरीस प्रवासी रेल्वे बंद झाली. तरुण कामासाठी बाहेर पडू लागले आणि दुकानांना टाळी लागू लागली.

रिकाम्या इमारती स्वस्तात मिळत होत्या, हेच रिचर्ड बूथ या ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या तरुणाने हेरले. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याने गावातील जुन्या अग्निशामक केंद्राच्या इमारतीत जुन्या पुस्तकांचे दुकान थाटले. पुढे बंद पडलेले चित्रपटगृह, इतकेच नव्हे तर गावातील पडका किल्लाही पुस्तकांनी भरून गेला. ब्रिटनमधील बड्या वाड्यांची आणि अमेरिकेतील बंद होणाऱ्या संस्थांची ग्रंथालये घाऊक विकत घ्यायची, खोकी भरभरून गावात आणायची आणि उतरवण्या-लावण्याचे काम गावातल्याच माणसांना द्यायचे, असा हा व्यवहार होता. १ एप्रिल १९७७ रोजी बूथने गाव ‘स्वतंत्र’ झाल्याची द्वाही फिरवून स्वतःला राजा घोषित केले आणि आपल्या घोड्याला पंतप्रधान नेमले. तारखेवरून विनोद उघड होता. वृत्तपत्रांनी मात्र ती बातमी जगभर नेली. त्या विनोदामागे एक गंभीर भूमिकाही होती. सरकारी विकास मंडळे आणि साखळी दुकाने खेड्याचा पैसा खेड्याबाहेर नेतात, असे बूथ आयुष्यभर आवर्जून सांगत राहिला. २०१९ मध्ये त्याचे निधन झाले.

जुन्या पुस्तकांचा हा व्यापार नेमका चालतो कसा, हे समजून घेण्याजोगे आहे. आपल्याकडे घर बदलताना वा वडीलधारे गेल्यावर पुस्तके रद्दीत किलोने जातात आणि त्यातली काही पदपथावर अवतरतात. तेथे विक्रेता संपूर्ण संग्रह एकरकमी उचलतो. त्यात शंभर पुस्तके असतील तर मोजकीच मोलाची निघतात. उरलेल्यांना जागा पुरवणे हाच खरा खर्च. म्हणूनच स्वस्त जागा ही या धंद्याची पहिली अट ठरते आणि म्हणूनच लंडनऐवजी हे-ऑन-वायसारखे आडगाव त्याला मानवते. सर्वांत कमी मोलाची पुस्तके किल्ल्याच्या भिंतीलगत उघड्यावर, फळ्यांवर मांडलेली असतात. तेथे विक्रेता नसतो. पुस्तक घ्यावे आणि पेटीत पैसे टाकावेत, एवढाच व्यवहार. पावसात ही पुस्तके भिजतात, पण ती आत ठेवायची तर जागेचे भाडे त्यांच्या किमतीहून अधिक पडेल!

दुकानात गेल्यावर किंमत शोधावी ती पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात. ती पेन्सिलीने लिहिलेली असते, कारण शाईने पुस्तकाचे मोल घटते. संग्राहकाच्या दृष्टीने पहिली आवृत्ती महत्त्वाची, हे सर्वश्रुत आहे. परंतु विसाव्या शतकातील कादंबरीच्या बाबतीत बाहेरचे कागदी वेष्टन शाबूत आहे की नाही, यावर किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. वाचनालयाचा शिक्का असेल तर भाव उतरतो. पूर्वीच्या मालकाने लिहिलेली अर्पणपत्रिका एरवी पुस्तकाचे मोल कमी करते, पण तो मालक नामवंत निघाला तर तीच वाढवते. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकांवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे, ही ग्राहकाच्या सोयीची आणखी एक बाब. रहस्यकथा, कविता, बालसाहित्य, नकाशे अशा एकेका विषयाला वाहिलेली दुकानेही येथे निघाली. एकाच गल्लीत इतके प्रतिस्पर्धी कसे तगतात, असे कोणास वाटेल. पण दूरवरून येणारा संग्राहक एका दुकानासाठी येत नाही, वीस दुकाने आहेत म्हणून येतो. आपल्या सराफकट्ट्याचे गणितही याहून वेगळे नाही.

पुस्तकांमागोमाग माणसे आली. बूथकडे कामाला आलेल्यांपैकी काहींनी स्वतःची दुकाने काढली. मग चित्रकार आले, शहरातील नोकरी आटोपून शांत जागा शोधणारी निवृत्त मंडळी आली. १९८८ मध्ये साहित्य महोत्सव सुरू झाला आणि मे महिन्याच्या अखेरीस भरणाऱ्या या सोहळ्याने गावाची ओळख पालटली. २००१ मध्ये बिल क्लिंटन तेथे बोलून गेले. महोत्सवाच्या दिवसांत गावाच्या लोकसंख्येच्या अनेक पटींनी पाहुणे येतात; घरातली खोली भाड्याने देणे, शेतात वाहनतळ करणे हे स्थानिकांचे जोडधंदे झाले.

पाहुण्याला हवे असते ते कॉफीपानगृह, जुन्या वस्तूंचे दुकान, लोकरीची शाल. रहिवाशाला हवा असतो तो नळाचा वॉशर. ज्या गाळ्यातून पहिल्या प्रकारच्या मालावर अधिक भाडे निघते, तो गाळा हळूहळू तिकडे झुकतो. गमतीची गोष्ट अशी, की या ओढाताणीत पुस्तकांचे दुकानही आता दुबळ्या बाजूला आहे. गाव प्रसिद्ध झाले ते पुस्तकांमुळे, पण प्रसिद्धीने वाढलेले भाडे पुस्तकांनाच पेलवेनासे होते. शिवाय १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जुनी पुस्तके इंटरनेटवर शोधता येऊ लागली. पूर्वी दुर्मीळ वाटणाऱ्या पुस्तकाच्या चाळीस प्रती एका क्षणात पडद्यावर दिसू लागल्या, साहजिकच सामान्य पुस्तकांचे भाव कोसळले. इमारत ज्यांच्या स्वतःच्या मालकीची, त्यांना हा काळ तुलनेने सोपा गेला.

तरीही हे-ऑन-वायमध्ये कसाई, औषधविक्रेता, लोखंडी सामानाचे दुकान आणि एक बेताचे किराणा भांडार आहे, आणि गुरुवारी भाजी, चीज, पाव यांचे ठेले लागतात. २०१० च्या दशकाच्या आरंभी गावात मोठे सुपरमार्केट आणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा रहिवाशांनी त्याला विरोध केला आणि तो बेत तडीस गेला नाही. या विरोधात नवागत हिरिरीने उतरले, हे नोंदवायला हवे. स्वस्त वाणसामानाची गरज असलेल्या जुन्या कुटुंबांना मात्र मोटार काढून दूर जावे लागते, ही दुसरी बाजूही खरी. मोटार नसलेल्या वृद्धाने काय करावे, याचे उत्तर लहान दुकानांच्या कैवाऱ्यांनाही द्यावेच लागेल.

घरांचा प्रश्न तर याहून बिकट आहे. बाहेरच्यांनी सुटीसाठी घेतलेली घरे वर्षाचे कित्येक महिने बंद राहतात आणि बंद घरातून कोणी भाजी आणायला बाहेर पडत नाही. केवळ याच गावाची नव्हे, तर सर्व वेल्सची ही तक्रार आहे. तेथील कायद्याने २०१७ पासून स्थानिक संस्थांना अशा दुसऱ्या घरांवर जादा कर आकारण्याची मुभा दिली आणि २०२३ पासून या अधिभाराची कमाल मर्यादा ३०० टक्क्यांपर्यंत वाढवली.

हे-ऑन-वायचे अनुकरण बेल्जियममधील रेदू (१९८४) आणि स्कॉटलंडमधील विगटाऊन (१९९८) यांनी केले. त्याच प्रेरणेने महाराष्ट्र शासनाने ४ मे २०१७ रोजी पाचगणी-महाबळेश्वर परिसरातील भिलार येथे ‘पुस्तकांचे गाव’ साकारले. येथे मात्र योजनेचा पायाच निराळा आहे. भिलारची पुस्तके विकण्यासाठी नाहीत. आरंभी पंचवीस ठिकाणी, म्हणजे घरे, देवळे, शाळा, निवासगृहे येथे, सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तके वाचनासाठी ठेवण्यात आली. घरमालक आपल्याच घराचा भाग वाचकाला मोकळा करून देतो. पुस्तकांवर कोणाचे पोट नाही. ते स्ट्रॉबेरीवर आणि पर्यटकांच्या निवासावर आहे. त्यामुळे पुस्तकांचे भाव कोसळल्याची झळ भिलारला लागत नाही. परंतु पुस्तकविक्रीतून गावात येऊन स्थायिक होणारा नवा दुकानदारही तेथे निर्माण होत नाही, आणि नव्या पुस्तकांची भर व जुन्यांची निगा यांसाठी शासनाच्या तरतुदीकडे पाहावे लागते. संग्राहकाने भिलारला रिकामी पिशवी घेऊन जाण्यात अर्थ नाही. दुपारभर बसून वाचायचे असेल, तर ओसरीवरची खुर्ची मात्र मोकळी असते.