मोटारींच्या मूळ नोंदणीक्रमांकांचा पुनर्लाभ : पुराव्याच्या दृष्टीने

जुन्या मोटारीस तिचा मूळ नोंदणीक्रमांक परत मिळवून देणे हा वरकरणी हौशी संग्राहकांचा विषय वाटतो. वस्तुतः तो दप्तरपरीक्षेचा विषय आहे. ब्रिटनमध्ये या कामी जी पद्धती रूढ झाली आहे ती साधनचिकित्सेच्या अभ्यासकांनी पाहण्याजोगी आहे.

ब्रिटनमध्ये मोटारींच्या नोंदणीची सक्ती १९०३ च्या कायद्याने झाली व १ जानेवारी १९०४ पासून ती अमलात आली. क्रमांक देण्याचे काम मध्यवर्ती सरकारकडे नसून स्थानिक मंडळांकडे होते. प्रत्येक मंडळास अक्षरे नेमून दिलेली होती. लंडनकडे ‘ए’, लँकेशायरकडे ‘बी’. (लंडनचा ‘ए १’ बर्ट्रंड रसेल यांचे वडील बंधू अर्ल रसेल यांच्या गाडीस लाभला होता.) १९२१ पासून गाडीबरोबर नोंदपुस्तक, म्हणजे ‘लॉगबुक’, फिरू लागले. त्यामुळे एकाच गाडीची हकीकत मंडळाच्या खातेवहीत व मालकाजवळील पुस्तकात अशी दोन ठिकाणी राहू लागली.

पुढे १९७० नंतरच्या दशकात हे काम वेल्समधील स्वान्सी येथील मध्यवर्ती कार्यालयाकडे गेले. रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या नोंदी तेथील संगणकावर चढल्या. परंतु एखाद्या शेतावरच्या कोठारात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या गाडीची नोंद कोणी करावयाची? नोव्हेंबर १९८३ ही अखेरची मुदत ठरली, आणि ती चुकलेल्या गाड्यांचे क्रमांक नव्या दप्तरात आलेच नाहीत. जुन्या खातेवह्यांची वाटही निरनिराळी लागली. काही नष्ट झाल्या, काही जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत गेल्या, तर काही ड्रॉइटविच येथील किटहेड ट्रस्टने जतन केल्या आहेत.

अशा गाडीचा क्रमांक परत मागण्यासाठी ‘व्ही ७६५’ या नावाचा अर्ज करावा लागतो. शासनाने मान्य केलेला जुन्या गाड्यांचा एखादा संघ अर्जाची तपासणी करून त्यास दुजोरा देतो. या पद्धतीचे मर्म एका अटीत आहे. अमुक क्रमांक व अमुक गाडी यांचा संबंध जुन्या कागदाने सिद्ध व्हावा लागतो, आणि गाडीची ओळख म्हणजे तिच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर, ठोकलेला अंक. जुने नोंदपुस्तक किंवा खातेवहीतील उतारा असेल तर काम सुकर होते. घरातील जुने छायाचित्र मात्र बहुधा अपुरे पडते. त्यात क्रमांकाची पाटी स्वच्छ दिसते, परंतु चॅसीवरील अंक दिसत नाही. आणि पाटी काय, दोन स्क्रू काढले की दुसऱ्या गाडीवर बसते! पुरावा न मिळाल्यास गाडीच्या वयास साजेसा दुसरा क्रमांक देण्यात येतो.

इतकी कडक परीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. ब्रिटनमध्ये आकर्षक क्रमांकांचा मोठा बाजार आहे. २०१४ साली ‘२५ ओ’ हा क्रमांक शासकीय लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीस गेला. अशा परिस्थितीत गंजलेल्या सांगाड्याच्या आधारे क्रमांक मिळवावा व तो विकून सांगाडा टाकून द्यावा, हा मोह अनेकांस पडणारच. म्हणून पुनर्लाभ झालेला क्रमांक अहस्तांतरणीय ठेवलेला आहे. तो दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही. माझ्या मते या योजनेतील सर्वांत शहाणपणाची तरतूद हीच. बनावट सनदांच्या मुळाशी वतनाचा लोभ असे, हे आपल्याकडील कागदपत्रे चाळणाऱ्यांस सांगावयास नको. येथे लोभाचा विषयच काढून घेतल्यामुळे दाव्यांची विश्वसनीयता वाढते. तथापि एक अडचण शिल्लक राहतेच. चॅसीच बदललेली असेल, तर ती ‘तीच’ गाडी म्हणावी काय? येथे कागद मुका होतो व जाणत्या परीक्षकाच्या डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

भारतात या विषयाचे स्वतंत्र नियम २०२१ साली झाले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ते लागू आहेत. पूर्वी नोंदलेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखता येतो; नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीस ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र मालिका ठरविली गेली. जुना क्रमांक राखावयाचा तर अर्जासोबत जुने नोंदणीपत्र जोडावे लागते. ते गहाळ झाले असल्यास परिवहन कार्यालयातील त्या काळची नोंदवही हाच आधार उरतो. ब्रिटनमध्ये निदान काही खातेवह्या कोणीतरी उचलून ठेवल्या. मुंबई इलाख्याच्या काळातील मोटार-नोंदवह्यांकडे अभिलेख म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे अद्याप रुजावयाची आहे.