जहाजावरची पंगत
मायामीहून २०२४ साली पहिल्या सफरीस निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज ७,६०० उतारू नेऊ शकते. आता सांगा, एवढी पंगत एकदम बसायची कुठे? खरी गर्दी होते ती बंदर नसलेल्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास. त्या दिवशी किनाऱ्यावर कोणीच जात नाही. सगळे वरच्या मजल्यावरच्या बुफेकडे धावतात. खालच्या मोठ्या भोजनगृहात मात्र वाढपी नाश्ता टेबलावर आणून देतात, तोही तिकिटाच्याच पैशांत! म्हाताऱ्या माणसांना बशी घेऊन जागा शोधत हिंडवू नका, सरळ तिकडे न्या. तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर पहाटेच टॉवेल टाकणारे म्हणजे आपल्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांचेच भाऊबंद. बराच वेळ रिकामी राहिलेली खुर्ची अनेक जहाजांवर नोकर मोकळी करून देतात; त्यांना सांगावे, टॉवेल स्वतः उचलू नये.