चेहऱ्यातील विजेचे झटके

दात घासताना, गार वारा लागताना किंवा नुसता घास चावताना गालात वीज चमकावी तशी कळ उठते. काही सेकंदांत, फार तर दोनेक मिनिटांत ती थांबते. पण दिवसातून कितीतरी वेळा परत येते. पुढच्या कळेच्या धास्तीने माणूस जेवणे, बोलणे, तोंड धुणेही टाळू लागतो. दातच दुखतो आहे असे वाटून चांगले दात काढून घेतलेले रुग्णही आढळतात. दात जातो, कळ मात्र राहते. या विकाराला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात.

मग दोष असतो कोठे? मेंदूपासून निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्या आपण वर्गात शिकवतो. त्यांपैकी पाचवी जोडी चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे पोचवते. प्रत्येक बाजूच्या चेतेला तीन शाखा असतात : एक कपाळ व डोळ्याकडे जाणारी, दुसरी गाल व वरच्या जबड्याकडे आणि तिसरी खालच्या जबड्याकडे. दुखणे बहुधा एकाच बाजूला आणि बहुतेक वेळा खालच्या दोन शाखांच्या क्षेत्रात असते.

विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तसे चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन असते. चेता मेंदूत शिरते त्या जागी हे वेष्टन नाजूक असते. तेथे एखाद्या रोहिणीचे वळण टेकले, तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक ते चेतेवर आपटत राहते. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने वेष्टन झिजते आणि शेजारच्या तंतूंमधील संदेश एकमेकांत मिसळतात. स्पर्शाचा साधा निरोप मेंदूकडे वेदना म्हणून पोचतो. वेदना ही शरीराची धोक्याची घंटा खरी. पण येथे धोका नसताना तारेच्या बिघाडामुळेच घंटा वाजते.

नेहमीची वेदनाशामके येथे निरुपयोगी ठरतात. १९६२ पासून वापरात आलेले कार्बामाझेपिन हे अपस्मारावरील औषध बहुतेकांना आराम देते. मात्र काहींना त्याने गुंगी येते, तोल जातो, तर काहींच्या बाबतीत काही वर्षांनी त्याचा गुण कमी होतो. अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पूर्वी शल्यविशारद चेताच कापत. कळ थांबे, पण चेहरा बधिर होई आणि क्वचित त्या बधिर भागातच सतत आग होऊ लागे. वॉल्टर डँडी या अमेरिकन शल्यविशारदाने १९३४ मध्ये लिहिले की, अनेक रुग्णांत चेतेवर रक्तवाहिनी टेकलेली दिसते. पुढे पीटर जॅनेटा यांनी शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ही जागा पाहिली आणि १९६७ मध्ये नवी पद्धत मांडली. कानामागे कवटीला लहानसे छिद्र पाडायचे, रक्तवाहिनी हळूच बाजूला सारायची आणि मध्ये टेफ्लॉनची गादी ठेवायची. होय, तव्यावर असते तेच टेफ्लॉन! चेता कापली जात नाही, म्हणून स्पर्शज्ञानही सहसा टिकते.

जॅनेटा व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ११८५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. तरी ही मेंदूजवळची शस्त्रक्रिया आहे. काहींना त्या बाजूचे ऐकू येणे कमी होते. क्वचित जिवालाही धोका संभवतो. ज्यांना ती झेपणार नाही, त्यांच्यासाठी सुईवाटे उष्णता देणे किंवा गॅमा किरणांचा मारा करणे हे मार्ग आहेत. पण त्यांत चेतेलाच थोडी इजा करायची असल्याने बधिरपणा येऊ शकतो. शिवाय सर्वच रुग्णांत रक्तवाहिनी दोषी नसते; काहींत मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराने वेष्टन झिजते. म्हणून आधी एमआरआय तपासणी करतात.

चेतासंस्थेचा पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. दुखते ती जागा आणि दोषाची जागा एकच असेल असे नाही, हे त्यातून विद्यार्थ्यांना पटेल. आणि स्पर्शाने विजेसारखी कळ उठत असेल, तर दात काढण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावे, हा निरोप त्यांच्यामार्फत घरोघरी जाईल.