ताट शनिवारीच का कलंडतं?

मांडव्याला शनिवारी सकाळच्या बोटी लागल्या की आवास, किहीम, नागावची होमस्टे दुपारपर्यंत भरून जातात आणि दीडच्या सुमारास सगळे एकदम जेवायला बसतात. वाढणाऱ्याला डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचालींचा मेळ साधण्यातली अडचण, असेल तर ताट कलंडायचं ते बहुधा याच वेळी. मंगळवारी दोनच पाहुणे असताना तोच माणूस तीच सुरमई थाळी व्यवस्थित नेऊन ठेवतो. मग लोक म्हणतात, धांदरट आहे, लक्ष देत नाही.

खरं तर त्याचं सगळं लक्ष तिथेच खर्च झालेलं असतं. काहीही उचलण्याआधी मेंदू अंदाज बांधतो : ताट किती जड, वाटी किती भरलेली, उंबरठा किती पावलांवर. अंदाज चुकला तर पुढच्या खेपेला सुधारतो, आणि चार-दोन दिवसांत हात आपोआप चालू लागतो. डिस्प्रॅक्सियात हा अंदाज आणि ही सुधारणाच कच्ची राहते, असं आज बरेच संशोधक मानतात. काम अंगवळणी पडायला फार वेळ लागतो, तोवर प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. अशात स्वयंपाकघरातून हाक आली, ‘अरे, सोलकढी आण!’, की लक्ष दुभागतं आणि ताट तिरकं होतं. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही. शाळकरी वयात सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ही अडचण दिसते आणि पुष्कळांना मोठेपणीही सोडत नाही. हॅरी पॉटरची भूमिका करणाऱ्या डॅनियल रॅडक्लिफने आपल्याला सौम्य डिस्प्रॅक्सिया असल्याचं २००८ मध्ये सांगितलं होतं.

म्हणून आधी नोंद ठेवावी : कुठे सांडलं, हातात काय होतं, तेव्हा कोण बोलत होतं. उंबरठा, भरलेला पेला आणि मागून आलेली हाक हीच नावं पुन्हा पुन्हा येऊ लागतील. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भरलेलं ताट नेण्याऐवजी रिकामी ताटं आधी मांडून जागेवर वाढायचं. सोलकढी झाकणाच्या जगमधून न्यायची, ट्रेमध्ये ओलं फडकं अंथरायचं. कॅनडात हेलन पोलाताइको आणि सहकाऱ्यांनी बसवलेल्या पद्धतीचा गाभाही असाच आहे : काय करायचं ते ठरवा, कसं ते ठरवा, करून पाहा, जमलं का ते तपासा. हे शिकवायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. भारतातली या विषयाची पहिली शाळा कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केली.

इतकं करूनही सांडणारच. तेव्हा पडणारी वस्तू झेलायला जाऊ नये; ऐन वेळी झटकन हात वळवणं हेच तर अवघड असतं, आणि गरम आमटी असेल तर भाजतं. जागच्या जागी थांबावं, हातातलं दुसरं काही असेल ते खाली ठेवावं, काच केरसुणीने गोळा करावी. दहादा माफी मागण्यापेक्षा ‘दोन पेले फुटले, पाच मिनिटं इकडून येऊ नका’ एवढं सांगणं जास्त कामाचं.

मालकिणीशी बोलायचं ते सोमवारी, गर्दी ओसरल्यावर. अडचणीच्या नावापेक्षा गरज आधी सांगावी : ‘काकू, मी एका खेपेला एकच वस्तू नेईन. हातात काही असताना हाक मारू नका, ठेवून आलो की सांगा.’ बहुतेक काकूंना हे पटतं, कारण पेले त्यांचे फुटत असतात.

नोकरी थळच्या आरसीएफसारख्या सरकारी कंपनीत असेल तर पाठीशी कायदाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत डिस्प्रॅक्सियाचं नाव आहे, आणि दिव्यांग कर्मचाऱ्याच्या गरजेप्रमाणे कामात वाजवी सोय करून देणं कलम २० नुसार सरकारी आस्थापनांवर बंधनकारक आहे. चार खोल्यांच्या होमस्टेत मात्र बरंचसं काकूंच्या समजुतीवर चालतं. तिथे फुटलेल्या पेल्याचे पैसे पगारातून कापायचे की नाही, हेही त्याच सोमवारी बोलून घ्यावं. खरं म्हणजे सोलकढी स्टीलच्या पेल्यातून दिली तर तो प्रश्नच उरत नाही. पाहुण्यांच्या फोटोत तिचा गुलाबी रंग तेवढा येणार नाही.